बांध एवढ्यात पेटवू नका: लाव्यांची खरी उपासमार हिवाळा सरताना

मळणी उरकली की बांध साफ करायची घाई सुटते. धसकटं नांगरायची, धुऱ्यावरचं वाळलेलं तण पेटवायचं, रान कसं लख्ख दिसलं पाहिजे! शेतात लावे (जमिनीवर चरणारे छोटे पक्षी) टिकायला हवे असतील तर यंदा हा हात जरा आवरा.

उन्हाळ्यात लावे किडे आणि नाकतोडे टिपतात. पिल्लं तर पहिले काही आठवडे बहुतांश किड्यांवरच वाढतात. थंडीत किडे आटले की पक्षी बियांवर येतो. रानमाठ, सावा, रानवेलींच्या शेंगांतले दाणे, मळणीत सांडलेली ज्वारी, मका. हिवाळ्याच्या तोंडाला हे रग्गड असतं. मग उंदीर आणि इतर पाखरं वाटेकरी होतात, उरलेलं कुजतं नाही तर उगवून जातं. म्हणून पोटाची ओढाताण होते ती थंडी ओसरताना, नवे किडे निघायच्या आधी. तोवर जमिनीत टिकतात त्या कठीण सालीच्या बिया, त्यांत शेंगवर्गीयांच्या जास्त. बांधावरच्या रानशेंगा तण समजून उपटल्या, तर नेमका हाच शेवटचा साठा जातो.

हवामानाचा फटका दर साली वेगळा. पावसाने ओढ दिली की तणालाही बी कमी धरतं, कोवळा पालाही मिळत नाही. हा पाला नुसता तोंडी लावण्यापुरता नसतो, त्यातून पाणी आणि अ जीवनसत्त्व मिळतं. अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या गॅम्बेल लाव्याची पैदास हिवाळी पावसाच्या मानाने कमीजास्त होते, त्यामागे ही हिरवाई हे मोठं कारण मानलं जातं. उबदार, ओल्या हिवाळ्यात मऊ सालीचं बी लवकर सडतं. बर्फ पडणाऱ्या मुलखात अडचण वेगळीच: दाणे असतात, पण पाचोळा उकरणाऱ्या या पायांना गोठलेला थर फुटत नाही. तिथे वाकलेल्या उंच गवताखालची उघडी जमीन कामी येते.

तेव्हा जमत असेल तर शेताच्या कडेला 9-10 मीटरचा पट्टा वसंतापर्यंत न नांगरता, न कापता ठेवा. जवळ झुडूप हवंच. आडोसा लांब असेल तर लावा दाण्यांपाशी फिरकायला धजत नाही आणि फिरकला तर ससाण्याच्या तावडीत सापडतो. दयेपोटी मक्याचा ढीग ओतू नका. ओल लागली की बुरशी चढते, आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, या पक्ष्यांना बाधतं. औषध चोळलेलं बियाणं पेरताना सांडलं तर लगेच मातीआड करा.

थंडी ओसरू लागली की पट्ट्यात चार ठिकाणी वीतभर जागेतला पाचोळा बाजूला करून बघा. बिया दिसल्या तर ठीक. नुसती मातीच दिसली, तर पुढच्या हंगामात पट्टा रुंद करा आणि त्यात एखादं शेंगवर्गीय बी फेका.