आई विचारते "हे कुणाकडून आलं?" तेव्हा काय सांगायचं

आपण गे आहोत हे घरी सांगितलं की आधी रडारड होते, मग दोन दिवस कुणी धड बोलत नाही आणि मग आई हळूच विचारते, "माझ्याकडून आलं का रे हे?" मलापण विचारलेलं आणि मी घाईघाईत "हो जीन्समधेच असतं" सांगून मोकळा झालो. तिथे चुकलो, कारण त्यानंतर कित्येक महिने ती स्वतःलाच दोष देत बसली. म्हणून आधी स्वतः नीट समजून घ्या, मग सांगा.

"गे जीन" पासून सुरू करा, कारण सगळ्यांनी तेच ऐकलेलं असतं. १९९३ मधे अमेरिकेत डीन हॅमर या शास्त्रज्ञाने गे भावांच्या ४० जोड्या तपासल्या, त्यातल्या ३३ जोड्यांमधे एक्स क्रोमोसोमचा एक भाग सारखा निघाला, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो म्हणून "आईकडून येतं" हे पसरलं. पण २०१९ मधे पावणेपाच लाखांहून जास्त लोकांचा डीएनए बघितला तेव्हा असा एकच जीन काही सापडला नाही. डीएनएमधल्या पाच जागा ठळक दिसल्या आणि त्यातली एकपण एक्सवर नव्हती! हे आईला नक्की सांगा.

त्याच अभ्यासात ८ ते २५ टक्के हा आकडा आहे. त्याचा अर्थ "मी २५ टक्के जीन्समुळे गे आहे" असा अजिबात नाही, तर लोकांलोकांमधे जो फरक दिसतो त्यातला एवढा भाग जीन्सशी जोडता येतो, तोपण हजारो बारीक बारीक बदल एकत्र धरून. डीएनए टेस्ट करून कुणाचंच सांगता येत नाही. आणि त्या अभ्यासात लोकांना विचारलेलं ते कधी समलिंगी संबंध आला का एवढंच, मनातली ओढ ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

आता खरी अडचण. बाबा म्हणणार, जीन्स पूर्ण नाहीत म्हणजे संगतीचा परिणाम, म्हणजे बदलता येईल. इथे शांतपणे मोठ्या भावांचं सांगा. एकाच आईच्या पोटी आधी जितके मुलगे झालेत तितकी पुढचा मुलगा गे असण्याची शक्यता थोडी थोडी वाढते, पण सावत्र किंवा दत्तक भाऊ एकाच घरात वाढले तरी तसा फरक दिसत नाही, म्हणजे ही गोष्ट जन्माच्या आधीची आहे, वाढवण्यातली नाही.

तरी पटलं नाही तर डावखुऱ्या माणसाचं उदाहरण द्या, प्रत्येक खानदानात एखादा काका असतोच ज्याला शाळेत छड्या मारून उजव्या हाताने लिहायला लावलं, लिहायला लागला पण चेंडू आजही डाव्यानेच फेकतो.

आणि कुणी "ट्रीटमेंट"चा विषय काढलाच तर सांगा की २०२२ मधे नॅशनल मेडिकल कमिशनने (डॉक्टरांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे गे माणसाला "बदलायचे" उपचार, हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय. हे सगळं एका बैठकीत सांगायला जाऊ नका, आई परत विचारेल, परत सांगा.