बोटं मशीनमध्ये गेली आणि मालकाचा विमाच नाही: काय काय गोळा करायचं

माझ्या धाकट्या भावाची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली तेव्हा मी रक्त, पैसे, डबा सगळं बघितलं आणि केसपेपर वाचलाच नाही. त्याला घेऊन आलेल्या सुपरवायझरनं डॉक्टरांना सांगितलेलं की घरी पडून लागलं, तेच लिहिलं गेलं, आणि पुढचं दीड वर्ष आम्ही ती एक ओळ खोटी आहे हे सिद्ध करत फिरलो. म्हणून सगळ्यात आधी केसपेपर हातात घ्या आणि वाचा. कामावर मशीन चालवताना लागलं असं त्यात हवं, कारखान्याचं नाव आणि वेळ पण हवी. एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद) करा म्हणून स्वतः सांगा, कारखान्याच्या माणसावर सोडू नका.

मग कामाचा पुरावा. अपॉइंटमेंट लेटर कुणाकडेच नसतं, त्यामुळे पगाराच्या बँकेतल्या किंवा फोनपेच्या नोंदी, गेटपास, हजेरीच्या ग्रुपमधले मेसेज, आणि शेजारच्या मशीनवरच्या दोघांचे नंबर, तेही त्याच दिवशी, कारण आठवड्यानं ते फोन उचलत नाहीत. मशीनचा फोटो लगेच काढा, दुसऱ्या दिवशी मशीनला सेफ्टी गार्ड बसवलेला असतो.

मालक म्हणेल विमाच नाही तर देऊ कुठून. ऐकू नका. भरपाईची जबाबदारी मालकाची स्वतःची आहे, विमा काढला असता तर त्याचा बोजा हलका झाला असता एवढंच. हा कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा, आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलाय. ठेकेदाराकडे असाल तर मूळ कंपनीवरही दावा लागतो. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० च्या आत असेल तर मात्र ईएसआय (राज्य कामगार विमा) लागू होतं, मालकानं नाव नोंदवलं नसलं तरी आधी त्यांच्या शाखेत जा, तिथून लाभ मिळतो आणि महामंडळ मालकाकडून वसूल करू शकतं.

वीस-पंचवीस हजार हातावर ठेवून स्टॅम्प पेपरवर "काही तक्रार नाही" असं लिहून घेतात, सही करू नका. कायद्यात असा करार चालत नाही पण तो खोडून काढण्यात महिने जातात. अपघाताची लेखी नोटीस मालकाला रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपा, आणि सोबत केसपेपरची झेरॉक्स जोडायच्या आधी, परत सांगतो, तो वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या.

रक्कम किती याचा अंदाज हवा, नाहीतर पन्नास हजारांवर मिटवतात. एका हाताची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या हिशोबानं कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट. वय ३०, पगार १२,००० असेल तर पगाराच्या ६० टक्के गुणिले २०७.९८ (कायद्याच्या तक्त्यात त्या वयापुढं दिलेला आकडा), त्याचे २० टक्के, जवळजवळ तीन लाख होतात. दवाखान्याचा खर्च वेगळा, म्हणून ओरिजिनल बिलं ठेवा.

दावा दोन वर्षांच्या आत. अर्ज कुठं द्यायचा ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारा, राहत्या ठिकाणीही करता येतो. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर दंड ५० टक्क्यांपर्यंत. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो. आणि सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्ड पण वाचा, पहिल्या दिवशीची ओळ तिथं जशीच्या तशी उतरवलेली असते.