टाकणखार आणि फेविकॉलपासून घरी उसळणारा बॉल कसा करायचा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला काय करायचं म्हणून पोरं विचारायला लागली की हा बॉल सुचवा, कारण ह्यात रसायनशास्त्र हाताला लागतंय, नुसतं बघायचं काम नाही.

सामान थोडंच. पांढरं फेविकॉल, कॉर्नफ्लॉवर, कोमट पाणी आणि टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स. टाकणखार सोनार डाग द्यायला वापरतात, त्यामुळं बेळगावात शहापूरकडच्या सराफांना विचारलं तर कुठं मिळतोय ते सांगतील, नाहीतर काष्टौषधीच्या दुकानात बघा, आणि दुकानदार कन्नड असला तर बिळिगार म्हणा. कॅरमची पावडर आणू नका, ते बहुतेक बोरिक अ‍ॅसिड असतंय, नुसतं तेवढं घालून हे जमत नाही. आणि कॉर्नफ्लॉवर म्हणजे पांढरा स्टार्च, भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नव्हे.

टाकणखार पोटात जाता कामा नये. म्हणून मोठं माणूस जवळ पाहिजेच, जुनी वाटी आणि जुना चमचा वेगळा ठेवा, खडा मिळाला तर घरच्या खलबत्त्यात कुटू नका, कागदात गुंडाळून दगडानं फोडा आणि धूळ नाकात जाऊ देऊ नका. हाताला जखम असेल तर मळायचं काम दुसऱ्याला द्या.

आता कृती. 2 मोठे चमचे कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा टाकणखार ढवळा, थोडा तळाशी राहिला तरी चालतंय. दुसऱ्या वाटीत 1 मोठा चमचा फेविकॉल घ्या, रंग पाहिजे तर आत्ताच घाला, मग त्यावर अर्धा छोटा चमचा टाकणखाराचं पाणी आणि 1 मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर टाकायचं आणि लगेच ढवळायचं नाही, 10-15 सेकंद तसंच सोडायचं. मग ढवळा, चमचा फिरेनासा झाला की हातात घेऊन मळा. सुरुवातीला खूप चिकटतंय, घाबरून पीठ वाढवू नका, मळत राहिलं की आपोआप सुटतंय.

होतंय काय तर फेविकॉलात पॉलिमरचे लांबच लांब धागे असतात, एकमेकांवरून घसरणारे, आणि टाकणखारातले बोरेट त्या धाग्यांना जागोजागी गाठी मारतात. ह्या गाठी कायमच्या नसतात, सुटतात आणि परत बसतात. म्हणून आपटला की गाठी सुटायला वेळच मिळत नाही आणि बॉल उसळतो, पण तोच बॉल रात्रभर टेबलावर ठेवा, सकाळी बघाल तर चपटा! परत गोल करा, परत उसळतो. मला ह्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, आणि प्रदर्शनात दाखवायचं असेल तर हेच दाखवा.

जमलं की दुसरा बॉल करताना एकच गोष्ट बदला. फेविकॉल वाढवलं तर लिबलिबीत होतो, टाकणखाराचं पाणी थोडं वाढवलं तर जास्त उसळतो. भिंतीला पट्टी लावून एकाच उंचीवरून सोडा आणि किती उसळला ते वहीत लिहा. खेळून झालं की हात साबणानं धुवायचे, बॉल झिपच्या पिशवीत ठेवायचा आणि बुरशी दिसली की टाकून नवीन करायचा, पावसाळ्यात आपल्याकडं ती लवकर येते.