व्यावसायिक कुस्तीतला मल्ल कसा जोखावा

व्यावसायिक कुस्तीत लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी कुस्ती कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे, क्रीडा आयोगाच्या नियमांतून सुटका व्हावी म्हणून, आपला कार्यक्रम मनोरंजनाचा असल्याचे स्वतःच मान्य केले होते. त्यामुळे मल्लाचे मोल ठरवू पाहणाऱ्या चाहत्याने जय-पराजयांची यादी आणि किताबांची संख्या आधी बाजूला ठेवावी. बेल्ट कोणाच्या कमरेला बांधायचा हे बुकर, म्हणजे लढतींचे निकाल आणि कथा आखणारा माणूस, ठरवतो, म्हणून किताबावरून फार तर कंपनीचा त्या मल्लावर किती विश्वास होता, एवढेच कळते. जॉन सिनाच्या नावावर २०२५ मध्ये सतरावे जागतिक विजेतेपद लागले, तर ब्रुनो सॅमार्टिनोच्या नावावर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफची (त्याच कंपनीचे जुने नाव) केवळ दोन विजेतेपदे आहेत; पण त्यांपैकी पहिले मे १९६३ पासून जानेवारी १९७१ पर्यंत टिकले. बेल्ट झटपट हात बदलू लागले की आकडे फुगतात, आणि अशा आकड्यांवरून दोन काळांची तुलना करता येत नाही.

मग कशाकडे पाहावे? सर्वांत आधी प्रेक्षागृहाचा आवाज ऐकावा, पण तो नीट वेळ साधून ऐकावा. प्रवेशाचे संगीत वाजताच उठणारा जल्लोष, म्हणजे ज्याला चाहते पॉप म्हणतात तो, पुष्कळदा ओळखीच्या धूनला मिळालेली दाद असतो. लढत सुरू होऊन दहा मिनिटे झाल्यावर, मल्ल मार खात असताना, लोक त्याच्यासाठी ओरडत आहेत का, हे अधिक महत्त्वाचे आहे. हील म्हणजे खलनायक मल्लाची हुर्यो उडाली तर ते त्याचे यश असते; मात्र ज्याला नायक म्हणून उभे केले आहे त्याचीच हुर्यो उडू लागली, तर लोकांनी कंपनीची निवड नाकारली असे समजावे. जानेवारी २०१४ च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे अनेक मल्लांच्या एकत्रित लढतीत, नेमके हेच घडले. लोकांचा लाडका डॅनियल ब्रायन त्या लढतीत नाही हे लक्षात येताच प्रेक्षक चिडले आणि नायक म्हणून परतलेला बटिस्टा जिंकला तेव्हा त्यांनी त्याचीच हेटाळणी केली. कंपनीला बेत बदलावा लागला, आणि ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक सोहळ्याच्या शेवटी किताब ब्रायनच्या हाती होता. लोकप्रियतेचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. सिनाच्या लढतींत अर्धे लोक त्याच्या बाजूने आणि अर्धे विरोधात घोषणा देत असत, तरी त्यालाही लोकप्रियताच म्हणावे लागेल, कारण खरी धोक्याची खूण शांतता ही आहे. दूरचित्रवाणीवर, विशेषतः आधी चित्रित केलेल्या कार्यक्रमांत, आवाज वाढवता येतो. म्हणून कानांइतकाच डोळ्यांवर भरवसा ठेवावा आणि मागच्या रांगांतले लोक उभे राहिले आहेत की खुर्चीत टेकून बसले आहेत ते पाहावे.

दुसरी कसोटी ड्रॉची, म्हणजे मल्लाच्या नावावर तिकिटे खपतात का याची. रेसलमेनियाची तिकिटे बहुतांशी त्या सोहळ्याच्या नावावर विकली जातात, त्यामुळे तिथली गर्दी एकट्या मल्लाच्या खात्यात मांडू नये. त्याऐवजी साध्या, प्रक्षेपण नसलेल्या कार्यक्रमांना तो असताना आणि नसताना किती लोक येतात, याचा फरक शोधावा. जाहीर होणाऱ्या आकड्यांबाबत सावध राहणे तर अत्यावश्यक आहे. २९ मार्च १९८७ रोजी पाँटिअ‍ॅक सिल्व्हरडोममध्ये हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची लढत झाली, तेव्हा ९३,१७३ प्रेक्षकांची घोषणा करण्यात आली. पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांच्या मते प्रत्यक्ष संख्या सुमारे ७८,००० होती. कमी आकडा धरला तरी होगनचे आकर्षण सिद्ध होतेच, आणि म्हणूनच फुगवलेला आकडा वापरण्याची आपल्याला गरज नाही. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येची तुलना नेहमी त्याच वर्षातल्या इतर मल्लांशी करावी, कारण केबलचे प्रेक्षक एकूणच घटत गेले आहेत आणि आजच्या मल्लाला १९९८ च्या आकड्यांनी मोजणे अन्यायाचे ठरेल.

तिसरी बाजू कौशल्याची आहे आणि चाहत्यांचे सर्वाधिक वाद इथेच होतात. लढतींना तारे देण्याची मेल्ट्झर यांची पद्धत उपयोगी आहे, परंतु तो एका जाणकाराचा अभिप्राय आहे, मोजमाप नव्हे. होगन-आंद्रे लढतीला त्यांनी उणे चार तारे दिले होते! याउलट ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममध्ये झालेल्या काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांच्या लढतीला पाचांच्या मोजपट्टीवर सहा तारे मिळाले, आणि त्या कार्यक्रमाला जाहीर केलेले प्रेक्षक २६,१९२ होते. म्हणजे कौशल्य आणि गर्दी हातात हात घालून चालतातच असे नाही. तरीही कौशल्याचे फळ उशिरा मिळू शकते: १ सप्टेंबर २०१८ रोजी शिकागोजवळ झालेल्या ऑल इन या स्वतंत्र कार्यक्रमाची दहा हजारांच्या आसपास तिकिटे अर्ध्या तासात संपली, आणि ओमेगा त्यातल्या प्रमुख आकर्षणांपैकी एक होता.

कौशल्य स्वतः तपासायचे असेल, तर एकाच मल्लाच्या निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांबरोबरच्या लढती ओळीने पाहाव्यात आणि त्यांत एखादा नवखा किंवा मंद प्रतिस्पर्धी आवर्जून घ्यावा. गुडघ्यावर मार बसल्यानंतर पाच मिनिटांनीही तो लंगडतो का, म्हणजे त्याचे सेलिंग (मार लागल्याचा अभिनय) टिकते का, हे बघावे. अवघड उड्या मोजण्यापेक्षा ही पाहणी कितीतरी अधिक सांगून जाते.

क्रमवाऱ्या वापरायच्या असतील, तर त्यांचे निकष आधी वाचावेत. प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड या मासिकाची १९९१ पासून निघणारी पाचशे जणांची यादी विजय आणि किताब विचारात घेते, म्हणजे कथेच्या आतले यश मोजते. डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेम या सन्मानयादीतली नावे कंपनी निवडते. मेल्ट्झर यांच्या रेसलिंग ऑब्झर्व्हर या वार्तापत्राच्या हॉल ऑफ फेमसाठी मात्र गर्दी खेचण्याची क्षमता, रिंगमधले काम आणि ऐतिहासिक महत्त्व अशा तीन अंगांनी विचार होतो, आणि माझ्या मते चाहत्याने हाच नमुना पुढे ठेवावा.

निर्णयाची घाई करू नये. १९९६ च्या अखेरीस आलेल्या रॉकी मायव्हियाला हसऱ्या नायकाच्या भूमिकेत लोकांनी झिडकारले; तोच माणूस खलनायक होऊन द रॉक या नावाने बोलू लागल्यावर त्या काळातला एक सर्वांत मोठा तारा ठरला. शेवटी मल्लाने इतरांना किती उंचीवर नेले, याची नोंद वेगळी ठेवावी. २३ मार्च १९९७ रोजी रेसलमेनिया १३ मध्ये ब्रेट हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला हरवले, पण रक्तबंबाळ होऊनही हार न मानता बेशुद्ध पडलेला ऑस्टिन त्या रात्रीपासून लोकांचा लाडका झाला. ऑस्टिनने पुढे मिळवलेल्या यशाचा काही वाटा हार्टच्याही हिशेबात धरावा लागतो.