कमी दिवसांच्या बाळाला तोंडाने पाजताना या चुका टाळा

अठ्ठावीस आठवड्यांचं बाळही ओठ चाळवतं. ते बघून घरचे म्हणतात, "सिस्टर, भूक लागली, पाजा ना!" पण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 32 ते 34 आठवड्यांत बसू लागतो. हे आठवडे गर्भारपणाच्या सुरुवातीपासून मोजायचे, जन्मापासून नव्हे. तोवर पोटात दूध सोडणारी नळी काढायची घाई नको.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बोंडलं, म्हणजे दूध पाजायची चोचीची वाटी, तोंडात ओतणं. तेहतीस आठवड्यांची, सोळाशे ग्रॅमची एक मुलगी दोन दिवस छान प्यायली. तिसऱ्या दिवशी आजींनी "एवढं संपव गं बाई" म्हणत बोंडलं वर उचललं. मुलीच्या भुवया चढल्या, बोटं फाकली, ओठाच्या कडेने दूध आलं. मी पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. सक्शनने तोंडातलं दूध ओढून काढलं, ऑक्सिजन दिला, मुलगी सावरली. पण पुढे बोंडलं ओठाला लागलं की ती तोंड फिरवायची. पुन्हा नळी आली, घरी जाणं नऊ दिवसांनी लांबलं. भुवया चढल्या तेव्हाच थांबायला हवं होतं.

मी बाळाला उभट धरते, मान सरळ. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवते, दूध ओठाला नुसतं लागू देते. ते बाळाने स्वतः ओढायचं. तीन-चार घोट झाले की बोंडलं खाली करते आणि श्वास संथ झाला की पुन्हा लावते. वीस-पंचवीस मिनिटांत जेवढं जाईल तेवढं, उरलेलं नळीने. त्यात आईने वाईट वाटून घेऊ नये.

झोपलेल्या बाळाच्या तळव्यांना टिचक्या मारू नका. हनुवटी दाबून चोखायला लावू नका. बाटलीच्या निपलचं भोक सुईने मोठं करणं तर साफ बंद. मध, गुटी, ग्राईप वॉटर यातलं काहीही नको.

आणि रिकाम्या स्तनावर चोखू देणं टाळू नका. "दूधच येत नाही तर कशाला?" असं आया विचारतात. आधी दूध पिळून काढायचं, बाळाला कांगारूसारखं उघड्या छातीशी घ्यायचं आणि नळीने दूध जात असताना स्तनाला लावायचं. तोंडात चोखणं आणि पोटात दूध, दोन्ही एकाच वेळी होतं. मी हे रोज करून घेते, आई कंटाळली तरी. बाळ नुसतं चाटून झोपलं, तरी त्या दिवसापुरतं पुष्कळ झालं.

घरी गेल्यावर पिताना बाळ निळं पडलं, दर वेळी ठसकू लागलं किंवा लघवी कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात आणा.