मधुमेहात पायाला जखम झालीय? जेवणाच्या या चुका टाळा

पायाची जखम भरत नाही म्हटलं की घरात पहिली कात्री लागते ती जेवणाला. ताटात अर्धी भाकरी, दुधीची पातळ भाजी आणि वरणाचं वरवरचं पाणी. शुगर उतरते, घरच्यांना हायसं वाटतं. महिन्याभरात दंड-मांड्या सुकतात आणि जखम मात्र होती तिथंच. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

नवं मांस आणि कातडी प्रथिनांतून तयार होते. ओल्या जखमेतून रोज थोडी प्रथिनं पाझरूनही जातात. त्यात जेवण अपुरं पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं. जाड माणसाचंही तेच होतं. वजन भरपूर आणि स्नायू खंगलेले, असं असू शकतं.

जखम असताना आहारतज्ज्ञ साधारण किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम. वरच्या ताटात ती जेमतेम ५ ग्रॅम भरतील! एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत ६-७, मूठभर फुटाण्यांत जवळपास तेवढीच, १०० ग्रॅम बांगड्यात किंवा पनीरमध्ये १८च्या आसपास. शाकाहारी घरात सोयाबीनच्या वड्या फार कामाच्या: कोरड्या ५० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम. हे सगळं तिन्ही वेळच्या जेवणांत विभागून द्या.

रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढतं ते) वाढलेलं असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, तर मात्र हे आकडे परस्पर लागू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

मग शुगर वाढली तर? ती औषधाने आवरायची, उपाशी राहून नव्हे. जंतुसंसर्गात शुगर एरवीही चढते आणि काही दिवस इन्सुलिन लागू शकतं. त्या भीतीने जेवण निम्मं करायचं आणि गोळ्या-इंजेक्शन तेवढंच ठेवायचं, यात शुगर एकदम घसरण्याचा धोका आहे. चतुर्थी-एकादशीचे उपासही जखम भरेपर्यंत नकोत. साबुदाण्यात जवळजवळ नुसतं पिष्टच असतं.

आंबट खाल्लं की जखम पिकते, हा समज अजून घट्ट आहे. त्यापायी आवळा, पेरू, लिंबू बंद होतं आणि नेमकं क जीवनसत्त्वच तुटतं. त्याच्याशिवाय नव्या मांसाला बळकटी देणारं कोलॅजेन नीट बनत नाही. लिंबू पिळा, पण भाजी गॅसवरून उतरवल्यावर. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी पडलं तरी पायाची संवेदना मंदावते.

याउलट काही जण महागडी प्रोटीन पावडर आणून निर्धास्त होतात. मधुमेही पायावरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना, निव्वळ जखम लवकर भरावी म्हणून अशी पूरकं देण्याची शिफारस करत नाहीत. तळव्यावरचा भार हलका केला नाही, पायाचा रक्तपुरवठा तपासला नाही, मिश्री-तंबाखू सुटली नाही, तर नुसत्या आहाराने जखम भरणार नाही.

ड्रेसिंगच्या वेळी दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी लिहून ठेवा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ (लांबी गुणिले रुंदी) निम्म्यावर आलं नाही, तर उपचारांचा फेरविचार करायला सांगा. ताप, पसरती लाली, दुर्गंधी किंवा काळं पडलेलं बोट दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.