कारगिल दिन शाळेत असा करा

२६ जुलै जवळ आला की आमच्या लातूरकडं भाषणांची झुंबड उडते. ती आवरा. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तालुक्यातल्या शहिदांची नावं, पलटण, वर्ष तपासून घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटवर कोरलेली नावं संकेतस्थळावरही शोधता येतात. ते काम सातवीच्या पोरांना द्या. नकाशावर द्रास, सुमारे ५,००० मीटर उंचीचं टायगर हिल दाखवा.

वीरमातेला बोलवायचं तर आठ दिवस आधी घरी जाऊन विचारा. जुलैत खुरपणी असते, म्हणून परिपाठालाच कार्यक्रम उरका. खुर्ची पहिल्या रांगेत. पुढारी मागं बसले तरी चालतंय! "तेव्हा कसं वाटलं?" हा प्रश्न पोरांना करू देऊ नका. "आज्जी, दादा लहानपणी काय खेळायचा?" हे विचारू द्या.